सेमाडोहच्या वाटेवरचे थांबे

वऱ्हाडातल्या माणसाला दोन दिवस हवापालट करायचा असला, की त्याची पावले उत्तरेला वळतात. दक्षिणेला काळ्या मातीचे सपाट रान, कपाशी आणि ऊन. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. त्या भिंतीत शिरणारी एक वाट परतवाड्याहून घाटांगमार्गे सेमाडोह, हरिसाल, धारणी करीत पुढे बऱ्हाणपूरकडे जाते. अमरावती-अकोल्याकडची मुस्लिम कुटुंबेही ईदनंतरच्या सुट्टीत डबे बांधून याच मुलखात जातात. अचलपूरला दुल्हा रहमानशहांच्या दर्ग्यावर फातेहा, चिखलदऱ्याला थंड हवा, गाविलगडाच्या बुरुजावर एक चक्कर आणि सेमाडोहला रबडी, असा बेत असतो. मुले रबडीवर खूश, म्हातारी माणसे फातेहावर.

या थांब्यांच्या पोटात जो इतिहास आहे, त्याची चौकशी मात्र फारशी होत नाही. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न वऱ्हाडी मुसलमानाला अजून अधूनमधून विचारला जातो, आणि आपल्यातले पुष्कळजण तो ऐकून गोंधळतात. कोणी अरबस्तानाचे नाव घेतो, कोणी पठाणांचे. ज्या वाटेने आपण सहलीला जातो, तिच्यावरच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पडलेले आहे.

पहिला थांबा अचलपूर, जुने नाव एलिचपूर. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला, तेव्हा कडा-माणिकपूरहून निघून विंध्य-सातपुडा ओलांडल्यावर त्याने एलिचपुरात विसावा घेतला. चुलत्याशी भांडण झाले आहे, राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चाललो आहे, अशी बतावणी त्याने केल्याचे फरिश्ता लिहितो. पुढे रामदेवरायाशी तह झाला तेव्हा एलिचपूर प्रांताचा महसूल त्याने मागून घेतला. मुलूख किती समृद्ध होता, हे यावरून समजते. आता या स्वारीशी आपले नाते सांगण्यात काही भूषण नाही. लुटीला आलेला सरदार लूट घेऊन परत गेला. जे इथे राहिले, नांगर धरला, मागावर बसले, दुकान मांडले, त्यांचा इतिहास वेगळा आहे. तो बखरीत सापडत नाही, दर्ग्याच्या आवारात आणि बाजारात शोधावा लागतो.

दुल्हा रहमानशहांबद्दल लोकांत जी कथा आहे, तिच्यात ते गझनीच्या महमूदाचे भाचे. बोहल्यावरून उठून लढाईला निघाले, एल नावाच्या राजाशी लढता लढता शहीद झाले, म्हणून 'दुल्हा'. सन १००१ सांगितला जातो. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरत नाही. महमूदाच्या फौजा वऱ्हाडात कधीच आल्या नव्हत्या. पण कथेतला राजा एल गावाला आपले नाव देऊन जातो आणि त्याच्याशी लढलेला गाझी गावाचा पीर होतो, ही गोष्ट लोकमानसाने जुळवली आहे. ज्या दोघांना लढवले त्या दोघांनाही गावाने आपले म्हटले. दर्ग्यावर नवस बोलायला येणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसे असतात.

नवस म्हटला की जेवण आले. वऱ्हाडात दोन जेवणांना तोड नाही. एक रोडग्याचे, दुसरे कंदुरीचे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. हा रोडगा देवाला वाहायचा, नाथांच्या भारुडातसुद्धा तो आहे. कंदुरी पिराची. नवस फेडायला बोकड कापतात, दर्ग्याजवळ चुली मांडतात आणि पंगतीला येईल त्याला वाढतात. एक रानात, एक दर्ग्यापाशी. दोन्हींची रीत एकच: उघड्यावर शिजवायचे, घरी न नेता तिथेच वाटून संपवायचे. कंदुरीला 'अंधश्रद्धा' किंवा 'बिदअत' म्हणून नाक मुरडणारे आता दोन्हीकडे वाढले आहेत. त्यांच्या वादात मला पडायचे नाही. एवढेच म्हणतो, की ज्या पंगतीत मुसलमान शेतकऱ्याशेजारी कुणबी आणि माळी बसत आला, ती पंगत मोडली तर तिच्या जागी काय येणार, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

अचलपूरची खरी ओळख इमादशाहीची. बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले, त्यांतला वऱ्हाडचा तुकडा फत्तेउल्ला इमादुल्मुल्काकडे आला. १४९० साली तो स्वतंत्र झाला आणि एलिचपूर राजधानी झाली. हा फत्तेउल्ला कोण? फरिश्ताच्या सांगण्याप्रमाणे विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला, मुसलमान झाला आणि कर्तबगारीवर वर चढला. शेजारच्या निजामशाहीचा मूळ पुरुषही ब्राह्मणच, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. पुढे या दोन शाह्या पाथरीवरून भांडल्या. दोन मुसलमान सुलतान एका कुलकर्णी वतनाच्या गावासाठी लढतात, हे चित्र शाळेच्या पुस्तकात कधी आले नाही. आले असते तर 'मूळचे कुठले' हा प्रश्न विचारणाऱ्याची जीभ थोडी अडखळली असती.

इमादशाही ८४ वर्षे टिकली. १५७४ मध्ये मूर्तझा निजामशहाने ती खालसा केली. शेवटचा बुऱ्हाण इमादशहा आपल्याच वजिराच्या, तुफालखानाच्या कैदेत नरनाळ्याच्या किल्ल्यावर होता. पाच शाह्यांत विजापूरकरांना गोलघुमट मिळाला, गोवळकोंडेकरांना चारमिनार. इमादशाहीच्या वाट्याला काय आले? अचलपूरजवळचा हौजकटोरा, म्हणजे तळ्यात उभा असलेला अष्टकोनी मनोरा, पाहायला गेलो की हा प्रश्न मनात येतो. दुसऱ्या गावी अशी वास्तू असती तर तिच्यासमोर तिकीटखिडकी असती.

दैवाने आणखी एक फेरा घेतला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. रेल्वेचा मोठा मार्ग बडनेऱ्यावरून गेला, कापसाचा पैसा अमरावतीत साठला आणि १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत घातला गेला. एकेकाळची राजधानी तालुक्याचे गाव झाली. मग किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची गाडी आली, तीच 'शकुंतला'. अचलपूर ते यवतमाळ, मूर्तिजापुरावरून. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरात बनलेले. ते १९९४ पर्यंत धावले. गाडी इतकी हळू, की डब्यातून उतरून बोरे तोडावीत आणि पुन्हा चढावे, अशा थट्टा लोक करीत. तीही आता बंद पडली आहे.

आता वर चढू. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५-२६ च्या सुमारास बांधल्याचे फरिश्ता सांगतो. किल्ल्याचे नाव मात्र सुलतानाचे नाही. ते गवळ्यांचे. या डोंगरावर त्याआधीपासून गवळी गुरे चारीत होते आणि गढी त्यांचीच होती, अशी परंपरा आहे. सुलतानाने तट बांधला, मशीद उभारली आणि नाव गवळ्यांचेच राहू दिले. फत्तेउल्लाने किल्ल्याची दुरुस्ती केली. दिल्ली दरवाजावर दगडात सिंह कोरले आहेत आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंडही. गंडभेरुंड हे विजयनगरचे चिन्ह. ज्या मुलाला त्या मुलखातून लहानपणी उचलून आणले होते, त्याच्या घराण्याच्या किल्ल्याच्या दारावर ते कोरले गेले. बाकीचे अनुमान वाचकाने करावे.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना एलिचपूरच्या भुईचंपा फुलाची आठवण ठेवली आहे. जमिनीलगत उगवणारे, बनफशासारख्या वासाचे. गाविलगडाबद्दल तो लिहितो, की तिथे एक झरा असून त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. बादशहाच्या वजिराला जमाबंदीच्या आकड्यांतून फुलाची आणि झऱ्याची दखल घ्यावीशी वाटली, हे मला फार आवडते.

१८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला. आडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली होती. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा होता आणि किल्लेदार बेनीसिंग राजपूत. दक्षिणेचा कडा चढणे अशक्य, म्हणून इंग्रजांनी जड तोफा डोंगराला वळसा घालून, दऱ्यांतून वाट फोडीत उत्तरेच्या लबाडा गावाकडे नेल्या. १५ डिसेंबरला तट फुटला आणि बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तोफा ओढणारे बैल कोणाचे आणि माणसे कोणती, याची नोंद कोणी ठेवली नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंटचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. गोऱ्या साहेबांना उन्हाळा काढायला जागा मिळाली आणि कॉफीची लागवड झाली. पुस्तकांत याला 'चिखलदऱ्याचा शोध' म्हणतात. शेजारी चारशे वर्षांचा किल्ला उभा असताना साहेबाने काय शोधले, देव जाणे. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ती कीचकदरा हीच, असे लोक सांगत होतेच.

सेमाडोहला उतरले की मुलूख बदलतो. डोह हा शब्द आपला. नदी सिपना, आणि सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. सागाच्या रानातून वाहणारी म्हणून सिपना. खंडू, खापरा, गाडगा, डोलार या तिच्या बहिणी, साऱ्या तापीला मिळणाऱ्या. कोरकू ही भाषा मराठीची नाही, हिंदीचीही नाही आणि शेजारच्या गोंडीचीही नाही. ती मुंडा कुळातली. तिचे नातेवाईक थेट झारखंडात. म्हणजे 'मूळचे कुठले' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायचा झाला, तर विचारण्याचा पहिला हक्क कोरकूंचा. त्यांनी तो कोणाला विचारल्याचे ऐकिवात नाही.

सेमाडोहची रबडी आणि मेळघाटचा खवा यांची वऱ्हाडात ख्याती आहे. त्यामागचे कारण चवीचे कमी आणि रस्त्याचे जास्त. गवळ्यांच्या म्हशी जंगलात चरतात, दूध भरपूर. पण ते दूध नासण्याआधी परतवाड्याच्या बाजारात पोचवायचे कसे? पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. म्हणून कढईत दूध आटवायचे. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो आणि तो टिकतो. कढईच्या कडेला जमणारी साय खरवडून परत दुधात सोडीत गेले की रबडी. जळण जंगलाचे, चारा जंगलाचा. ज्या गवळ्यांनी किल्ल्याला नाव दिले, त्यांचाच धंदा त्याच डोंगरात चालू आहे. आज मात्र जंगल खात्याच्या दृष्टीने म्हैस, चारा आणि सरपण हे तीनही गुन्ह्याच्या हद्दीवरचे विषय आहेत.

१९७४ च्या फेब्रुवारीत मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. मारुती चितमपल्ली या प्रकल्पाचे उपसंचालक होते. त्यांच्यासारखा अधिकारी कोरकूंचे शब्द टिपून घेई. सर्वांनाच ती दृष्टी नसते. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसलेला रानपिंगळा मेळघाटातही सापडला, तो हे रान राखले म्हणूनच. पण त्याच वेळी बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली, मागून अकोटच्या बाजूची आणखी गावे उठली. प्रत्येक कुटुंबाला दहा लाखांचे पॅकेज जाहीर झाले. सपाटीवर जमीन, पाणी आणि दवाखाना नीट मिळाला नाही, अशी तक्रार घेऊन काही गावकरी परत जंगलात गेले आणि २०१९ च्या जानेवारीत केलपाणी परिसरात त्यांची सरकारी दलाशी झटापट झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

नव्वदीपासून मेळघाटचे नाव वर्तमानपत्रात येते ते दोन कारणांनी: पर्यटन आणि कुपोषण. एकाच पानावर दोन्ही बातम्या असलेला अंकही मी पाहिला आहे. ज्या रानातले दूध आटून शहराच्या मिठाईत जाते, त्याच रानातल्या पोराच्या वाट्याला कुटकीची पेज. हे गवळ्याचे पाप नव्हे. त्याला रोख पैसा खव्यातच मिळतो. पण रबडीचा द्रोण हातात घेताना पाच लिटरचा तो हिशेब आठवतो खरा.

परतीला अकोटची वाट धरली तर नरनाळा लागतो. महाकाली दरवाजावरचा १४८७ चा शिलालेख, फत्तेउल्लाच्या हातचे काम, पाहण्यासारखा आहे. नक्षी अशी, की पहिल्या नजरेला हे किल्ल्याचे दार आहे हे विसरायला होते. नऊगजी तोफही वरच आहे. तिथेच बुऱ्हाणुद्दीन या वलीची कबर आहे. त्यांना लोक 'बाघसवार वली' म्हणतात, कारण ते वाघावर बसून फिरत, अशी श्रद्धा आहे. आता ते सारे रान अभयारण्य आहे. पायथ्याच्या शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर नाव नोंदवून, पावती घेऊन वर जावे लागते, आणि अंधार पडायच्या आत खाली यावे लागते. फातेहा द्यायला जाणाऱ्यालाही तोच नियम आहे, वाघ बघायला जाणाऱ्यालाही.