डर्बनचे भाजी-मळेकरी

शहरांचा इतिहास लिहितांना बंदरें, आगगाड्या आणि नगरभवनें यांचीं वर्णनें विस्तारानें येतात. शहरास रोज सकाळीं भाजी कोण पुरवीत होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन शहरापुरता तो आम्ही येथें विचारूं इच्छितों.

१६ नोव्हेंबर १८६० रोजीं 'ट्रूरो' नांवाचें जहाज मद्रासेहून गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी घेऊन डर्बनला लागलें. नाताळांतील उंसाच्या मळ्यांसाठीं मुख्यतः, १९११ पर्यंत सुमारें दीड लाख माणसें अशीं नेण्यांत आलीं. करार पांच वर्षांचा. पगार आरंभीं दरमहा १० शिलिंग. करार संपल्यावर मागें राहिलेल्यांपैकीं पुष्कळांनीं शहराच्या कडेला, उमगेनी नदीकांठच्या सखल भागांत, जमिनीचे तुकडे खंडानें घेतले. खंड बहुधा अल्प मुदतीचा. तेव्हां लवकर हातीं येणारें पीक तेवढेंच परवडे. वांगीं, मिरच्या, घेवडा, कोथिंबीर यांच्या वाफ्यांत सारें कुटुंब राबे, आणि बायका डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरत. घरच्या माणसांची मजुरी कोणी हिशेबांत धरीत नसे. त्या भाजीच्या स्वस्ताईचें मर्म हेंच होय.

स्वस्ताई शहरास हवी होती. शेजार नको होता. १८९५ च्या कायद्यानें, त्यापुढें करारावर येऊन मुदतीनंतर तेथेंच राहणाऱ्यांवर वार्षिक ३ पौंडांचा कर बसविला. आरंभींच्या पगाराच्या मानानें ही सहा महिन्यांची कमाई! १९१२ सालीं नामदार गोखले यांनीं तेथें जाऊन हा कर उठविण्याचा आग्रह धरिला. १९१३ च्या मोठ्या संपानंतर, १९१४ सालीं, तो एकदांचा उठला.

कर गेला, पण पायांखालची जमीन पक्की झाली नाहीं. ऑक्टोबर १९१७ च्या महापुरांत उमगेनीकांठचीं अनेक मळेकरी कुटुंबें वाहून गेलीं. सहा हिंदी कोळ्यांनीं पुरांत होडी घालून १७६ जीव वांचविले. पुढें १९३४ मध्यें पहांटेच्या बाजारास वॉरिक ॲव्हेन्यूवर जागा मिळाली. परंतु १९५० च्या ग्रूप एरियाज ॲक्टच्या आधारें हिंदी लोकांच्या जुन्या वस्त्याच उठविण्यांत आल्या, आणि त्यांबरोबर कित्येक मळेही गेले.

१९९१ मध्यें तो कायदा रद्द झाला. तथापि आम्हांस त्यांतून एक बोध स्पष्ट दिसतो: मनुष्यास गुलामगिरींतून सोडविणें हें अर्धें कार्य होय, ज्या भूमीवर तो घाम गाळतो तेथें त्यास निर्भयपणें राहूं देणें हें उरलेलें अर्धें. डर्बननें त्या कुटुंबांची भाजी घेतली, पण त्यांस ठाव दिला नाहीं.