चित्रांना वर्ग देताना मराठीचा ‘ऱ’

दस्तऐवज एचटीएमएलमध्ये निर्यात केला की त्यातील चित्रे बहुधा ठरावीक मापे घेऊनच येतात. वर्डची फाइल पॅनडॉक या रूपांतरकातून काढल्यास मूळ लांबी-रुंदी प्रत्येक चित्राच्या टॅगमध्ये लिहिली जाते आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर छायाचित्र कडेबाहेर जाते. चित्राला वर्ग (क्लास) देऊन त्या वर्गाची रुंदी, समास व चौकट सीएसएस शैलीपत्रात एकदाच सांगणे, हा त्यावरचा उपाय. मात्र टॅगमधील माप शैलीपत्रातील नियमाला वरचढ ठरते. ते आधी काढावे लागते, आणि नेमके हेच विसरले जाते.

पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये चित्रानंतर महिरपी कंसात टिंब देऊन वर्गनाम लिहितात. मराठी विकिपीडियावर ‘इवलेसे’, ‘उजवे’, ‘डावे’ हे शब्द लिहिले की प्रणालीच मांडणीचे वर्ग जोडते.

सीएसएसमध्ये वर्गनाम देवनागरीतही चालते. इंग्रजी अंकाने सुरू होणारे नाव शैलीपत्रात जसेच्या तसे लिहिता येत नाही, पण देवनागरी ‘१९५६’ला अडचण नाही. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्यातील कमलनगरच्या एखाद्या संस्थेला आपली मराठी स्मरणिका संकेतस्थळावर ठेवायची आहे, असे समजू. छायाचित्रांना ‘शेतकऱ्यांचे’ असा वर्ग दिला. मजकूर एकाने टंकित केला, शैलीपत्र दुसऱ्याने. दोन्हीकडे शब्द तोच दिसतो, तरी नियम लागू होत नाही. चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

कारण ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’ असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचा अदृश्य जोडक आणि ‘य’. डोळ्यांना फरक कळत नाही, परंतु ब्राउझर वर्गनामे संकेतांकागणिक ताडून पाहतो. ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ युनिकोडच्या सामान्यीकरणाने सुधारता येतो. अदृश्य जोडकाचे रूप त्यानेही बदलत नाही. गोव्यातील कोणी ‘किनाऱ्याचे’ असे नाव ठेवले, तर तेथेही हाच घोळ.

म्हणून वर्गनाम पुन्हा टंकू नये, शैलीपत्रातून उचलून चिकटवावे. नाव अजून ठरायचे असेल, तर ‘शेती’ पुरेसे आहे.