अभिनेत्रीची मिळकत : हंसा वाडकर आणि स्मिता पाटील

कलावंतांच्या चरित्रांत मिळकतीचा विषय बहुधा गौण मानला जातो. भूमिका, पारितोषिके व लोकप्रियता यांची नोंद तपशिलाने होते. परंतु द्रव्य कोणाकडून आले, करार कोणी ठरविला व आलेले द्रव्य कोणाच्या हाती राहिले, हे प्रश्न मागे पडतात. अभिनेत्रीच्या बाबतीत या प्रश्नांवाचून कारकीर्दीचा अर्थ नीट लागत नाही. खानदेशातील घराण्यात जन्मलेल्या स्मिता पाटील यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. कारण आधीच्या पिढीतील एका अभिनेत्रीच्या मिळकतीची कहाणी पडद्यावर साकार करूनच त्यांना पहिला राष्ट्रीय सन्मान लाभला.

ती अभिनेत्री म्हणजे हंसा वाडकर. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. कलावंतिणींची परंपरा असलेल्या घराण्यातील ही मुलगी घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे बालवयातच चित्रपटसृष्टीत आली. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) हा त्यांचा पहिला चित्रपट. पुढे बॉम्बे टॉकीज व प्रभात या संस्थांत त्यांनी काम केले. ‘संत सखू’ (१९४१), ‘रामशास्त्री’ (१९४४), ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) व ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटांनी त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. रंगभूमीवरही त्या वावरल्या. चित्रसंस्थांच्या त्या काळात नटनटी पगारी नोकर असत व त्यांना दरमहा ठराविक वेतन मिळे. त्यामुळे हंसाबाईंची प्राप्ती नियमित होती; परंतु तिच्या विनियोगावर त्यांची सत्ता नव्हती. विवाहानंतर हे काम सोडून संसार करावा अशी त्यांची इच्छा होती. ती मानली गेली नाही. घर त्यांच्या कमाईवर चालत होते, हेच त्याचे कारण. पत्रकार अरुण साधू यांनी शब्दबद्ध केलेले त्यांचे आत्मकथन प्रथम ‘माणूस’मध्ये व नंतर १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या.

याच आत्मकथनाच्या आधारे श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) निर्माण केला. त्यातील उषा गाते, नाचते, कमावते आणि तिच्या कामाचे व्यवहार मात्र पती ठरवितो. ही भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील तेव्हा बाविशीच्या आसपास होत्या व त्यांची स्वतःची स्थिती उषेहून सर्वथा भिन्न होती.

हा भेद केवळ वैयक्तिक नव्हे. स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला व शिक्षणही तेथेच झाले; तथापि घराणे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक, सहकारी चळवळीतील कार्यकर्ते, राज्याचे मंत्री व पुढे १९९२ ते १९९८ या काळात राज्यसभेचे सदस्य होते. आई विद्याताई परिचारिका व समाजसेविका होत्या. म्हणजे स्त्रीने घराबाहेर काम करणे या कुटुंबात अपवादात्मक नव्हते. पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे जळगाव आणि आजचे धुळे व नंदुरबार, हा प्रदेश अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या व १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या संस्कारांतून गेलेला होता. राष्ट्र सेवा दलाशी स्मिताबाईंचा संबंध बालपणापासूनचा. सेवादलाच्या कलापथकांत रंगमंच हे उपजीविकेचे नव्हे, तर लोकशिक्षणाचे साधन होते. हंसाबाई अर्थार्जनासाठी कलेकडे आल्या. स्मिता पाटील यांना अर्थार्जनाची निकड नसताना कलेकडे येता आले. नकार देण्याचे सामर्थ्य या फरकातून आले.

मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदन करीत असता बेनेगल यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. त्यानंतरच्या त्यांच्या चित्रपटांचे भांडवल निरनिराळ्या मार्गांनी आले. ‘निशांत’ (१९७५) व ‘भूमिका’ यांमागे जाहिरातपटांच्या व्यवसायातील ‘ब्लेझ’ ही संस्था होती. ‘मंथन’ (१९७६) मात्र गुजरातमधील पाच लक्ष दूध-उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभारला. म्हणजे सुमारे १० लक्ष रुपयांचे भांडवल भागधारकांप्रमाणे जमले. सहकारी कार्यकर्त्याच्या कन्येने अशा भांडवलावर निघालेल्या चित्रपटात ग्रामीण स्त्रीची भूमिका करावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. या चित्रपटांचा खर्च बेताचा असल्याने कलावंतांनाही बेताच्याच मोबदल्यावर समाधान मानावे लागे.

परंतु अल्प मोबदला पत्करल्याने स्थान सुरक्षित होत नाही, हेही लवकरच प्रत्ययास आले. आपण सुमारे पाच वर्षे व्यावसायिक चित्रपटांना नकार दिला. पण १९७७-७८ च्या सुमारास समांतर चित्रपटांनाही नावाजलेल्या नट्या हव्याशा वाटू लागल्या व काही चित्रपटांतून आपणांस वगळण्यात आले, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले होते. १९८२ साली ‘नमक हलाल’ व ‘शक्ती’ हे व्यावसायिक चित्रपट आणि ‘उंबरठा’ हा जब्बार पटेल यांचा मराठी चित्रपट एकाच वर्षी आले, त्याची संगती येथे लागते. व्यावसायिक यश हे छोट्या चित्रपटात टिकून राहण्याचे मूल्य ठरले होते. यास केवळ धनलोभ म्हणणे अन्यायाचे होईल. तसेच त्यास निव्वळ त्याग म्हणणेही अयथार्थ ठरेल.

‘उंबरठा’तील सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून महिलाश्रमाच्या अधीक्षिकेची नोकरी पत्करते. तिला पैशाची ददात नसते. तिला स्वतःचे काम हवे असते. उषेला काम सोडता येत नव्हते, सुलभेला काम धरता येत नाही. मिळकतीच्या दोन टोकांवरील या दोन स्त्रिया एकाच अभिनेत्रीने उभ्या केल्या. ‘भूमिका’ व ‘चक्र’ (१९८१) यांसाठी राष्ट्रीय पारितोषिके, १९८५ साली पद्मश्री, आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी एकतिसाव्या वर्षी मृत्यू, इतक्या अल्प काळात ही कारकीर्द आटोपली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या पश्चात १९८७ साली प्रदर्शित झाला.

हंसाबाईंपासून स्मिता पाटील यांच्यापर्यंत अभिनेत्रीचा मोबदला वाढला की नाही, याहून तो स्वीकारण्याचा व नाकारण्याचा अधिकार तिच्याकडे आला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मात्र तो अधिकार व्यवसायाने दिलेला नव्हता. त्यास शिरपूरच्या घराचे पाठबळ होते. ज्या अभिनेत्रींना असे पाठबळ नव्हते, त्यांच्या बाबतीत हंसाबाईंचेच आत्मकथन अधिक प्रातिनिधिक मानावे लागेल.