पत्तनचारित्र आणि कोळ्यांची सागरमर्यादा

१

समुद्रपूरच्या नांवांत समुद्र आहे; पण पूर्वेचा असो वा पश्चिमेचा, खरा समुद्र येथून शेंकडों मैल दूर आहे. इकडील पाणी वणा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या क्रमानें पूर्वसमुद्रास मिळतें, एवढाच आमचा त्याच्याशीं संबंध. तथापि ग्रंथांतील समुद्र पाहण्यास किनाऱ्यावर राहावें लागत नाहीं. किनाऱ्यालगत लहान होडींतून जाळें किंवा गळ टाकणाऱ्यांनीं परस्परांशीं कसें वागावें, दुसऱ्याच्या जाळ्यापासून किती दूर राहावें, आधीं आलेल्याचा अधिकार कोणता, संकटांत सांपडलेल्यास काय द्यावें, याविषयीं जुन्या ग्रंथांत काय सांपडतें, आणि जें तेथें सांपडत नाहीं तें कोठें शोधावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२

मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायांत, श्लोक ४०४ पासून ४०९ पर्यंत, नावेच्या उताराचे नियम आले आहेत. लांबच्या प्रवासास देश व काल पाहून उतार ठरवावा, परंतु हें नदीतीरापुरतें समजावें, समुद्रास असें प्रमाण नाहीं, असें ४०६ वा श्लोक सांगतो. यावरून शास्त्रानें समुद्र निर्मर्याद ठेवला असें कोणी म्हणेल तर तें बरोबर होणार नाहीं. तेथें प्रकरण भाड्याचें आहे, आचाराचें नव्हे. शिवाय त्याच अध्यायाच्या १५७ व्या श्लोकांत समुद्रयानांत कुशल व देश, काल आणि अर्थ जाणणारे लोक जी वृद्धि ठरवितील तीच ग्राह्य मानावी, असें म्हटलें आहे. दोन्ही वचनें एकत्र वाचलीं असतां अभिप्राय उघड होतो: समुद्राचा नियम समुद्र जाणणाऱ्यांस विचारावा.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नावाड्यांच्या अपराधानें नावेंतील जें नष्ट होईल तें त्या सर्वांनीं आपापल्या अंशाप्रमाणें भरून द्यावें. दैवानें झालें असेल तर दंड नाहीं (श्लोक ४०८, ४०९). अपराध आणि दैव यांतील हा भेद पाण्यावरच्या प्रत्येक तंट्याचें मूळ आहे.

३

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील २८ वा अध्याय नावध्यक्षाचा आहे. मासे धरणाऱ्यांनीं नौकेचें भाडें म्हणून षष्ठांश द्यावा. शंख व मोतीं काढणाऱ्यांनीं भाडें द्यावें अथवा स्वतःच्या नावेनें जावें. वाऱ्यानें भरकटून आलेल्या नौकेवर अध्यक्षानें पित्याप्रमाणें अनुग्रह करावा, आणि तिच्यांतील माल पाण्यानें बिघडला असेल तर जकात माफ करावी किंवा अर्धी घ्यावी. माणसांची वा साधनांची उणीव असलेली, अथवा दुरुस्ती न केलेली नाव बुडाली, तर नुकसान अध्यक्षानेंच भरून द्यावें.

परंतु आमच्या दृष्टीनें या अध्यायांतील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'चारित्र' हा आहे. पत्तनाध्यक्षानें नोंदवून ठेवलेलें बंदराचें चारित्र, म्हणजे तेथील रूढ चाल, नावध्यक्षानें पाळावें असें कौटिल्य सांगतो. तें मोडणाऱ्या नौका तो हिंसक नौकांच्या पंक्तीस बसवितो. चाल बंदराची, नोंद अधिकाऱ्याची आणि पालन राजाचें, अशी ही व्यवस्था आहे. 'निबंध' या शब्दानें त्यास लेखी नोंदच अभिप्रेत आहे, यांत संशय नसावा.

४

मराठेशाहींत रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१६) आरमाराचें प्रकरण आहे. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग मानून अमात्य लढण्याइतकाच विचार वागणुकीचा करतो. कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांस उपद्रव देऊं नये. कौल नसलेलें परमुलखाचें तरांडें वाटेंत आढळलें तरी त्यास एकाएकी धरूं नये. अभय देऊन बंदरांत आणावें आणि लांकूड, पाणी वगैरे जें लागेल तें द्यावें. कौटिल्याचा भरकटलेल्या नौकेवरील अनुग्रह आणि अमात्याचें हें अभय, यांच्या मधें सुमारें दोन हजार वर्षांचें अंतर आहे. अमात्यानें अर्थशास्त्र वाचलें होतें असें मानण्याचें कारण नाहीं. दोघांनींही जें लिहिलें तें किनाऱ्यावर आधींपासून चालत असलें पाहिजे, हें अनुमान अधिक सरळ दिसतें.

५

मात्र ग्रंथ व आज्ञापत्र हीं मोठ्या नौकांचीं. लहान होडीचा नियम कोळी व गाबीत यांच्या वागण्यांतच पाहावा लागतो.

डोलीचें जाळें म्हणजे लांबट पिशवी. तिचें तोंड प्रवाहासमोर राहील अशा रीतीनें तें समुद्रतळांत रोंवलेल्या खुंटांस बांधतात. भरतीचें वा ओहोटीचें पाणी तोंडांतून शिरतें, मासळी तळाशीं सांचते, आणि प्रवाह थांबतांच जाळें उचलतात. उधाणांत हा धंदा जोरांत असतो, भांगांत मंदावतो. खुंट रोंवण्यास श्रम फार. म्हणून ज्यानें जागा केली तिच्यावर त्याचा वहिवाटीचा हक्क मानतात. उत्तर किनाऱ्यावर अशा जागेस 'कव' म्हणतात. दक्षिणेकडे रापणीचें जाळें किनाऱ्यापासून अर्धवर्तुळाकार टाकून दोन्ही टोंकांनीं ओढतात. तें ओढलें जात असतां आंत दुसरी होडी घालणें हा उघड उपमर्द होय, आणि दोर ओढण्यास हात लावणाऱ्यास मासळी द्यावी ही रीत आहे. श्रावणी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्याशिवाय होडी न लोटण्याची मर्यादाही याच वर्गांतली. ती माणसांशीं नसून समुद्राशीं आहे, इतकेंच.

६

आतां राजाचें पालन पाहूं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पारंपरिक होड्यांवर पोट भरणाऱ्यांचें हित राखणें हा त्याचा एक हेतु आहे. पावसाळ्यांतील बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवसांची. नारळी पौर्णिमेची जुनी मर्यादा बहुधा तिच्याही पुढें जाते. असें असूनही कवींच्या जागांवरून वसई-उत्तनकडील डोलकर आणि सातपाटीकडील दालदी जाळ्यांचे मच्छीमार यांच्यांत वाद झाले आहेत. दोघेही वहिवाटच सांगतात, आणि वहिवाट लिहिलेली नसली म्हणजे मोठा आवाज हाच पुरावा होऊन बसतो.

गळ टाकणाऱ्याची स्थिति याहून नाजूक आहे. जहाजांची टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम १९७७ मध्यें अंमलांत आले. यंत्रावर चालणाऱ्या नौकेनें मासेमारींत गुंतलेल्या नौकेस वाट द्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु चालत्या होडीमागें गळाची दोरी ओढणारा मनुष्य त्या नियमांच्या व्याख्येनें 'मासेमारींत गुंतलेला' ठरत नाहीं. त्याची होडी हवी तशी वळूं शकते, हें कारण. म्हणजे मनूनें उताराविषयीं सांगितलेली समुद्रावरची ती उणीव या लहान माणसाच्या वांट्यास आजही येते. त्याची दोरी न तोडतां बाजूनें जाणें हें केवळ दुसऱ्या तांडेलाच्या सौजन्यावर राहतें. अशा ठिकाणीं सौजन्य हा शोभेचा भाग नसून निर्वाहाचा आधार आहे.

७

ज्या अर्थशास्त्रावरून 'चारित्र' हा शब्द आपणांस कळला, त्याची पोथी १९०५ मध्यें म्हैसूरच्या ग्रंथालयांत हातीं आली आणि १९०९ मध्यें शामशास्त्र्यांनीं ती छापली. तोंपर्यंत त्या ग्रंथाचा उल्लेखच काय तो ठाऊक होता. म्हणून बंदरांच्या निबंधांविषयीं निराश होण्याचें कारण नाहीं. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, किनाऱ्यावरील दप्तरें पाहतांना सनदा व वतनपत्रें यांवरच नजर ठेवूं नये. जाळ्याच्या जागेचा निवाडा, फाटलेल्या जाळ्याच्या भरपाईची नोंद, बुडत्या होडीस दिलेल्या मदतीचा हिशेब, असा एखादा कपटा मिळाला तरी तो जपावा. कागद नसेल तेथें वृद्ध तांडेलांस विचारून लिहून घ्यावें. त्यांच्या तोंडचा शब्द हाच आज पत्तनाध्यक्षाचा निबंध आहे, आणि तो त्यांच्याबरोबर गेला तर पुढच्या तंट्यांत दाखवावयास काहींच उरणार नाहीं.