कॅम्पसवरची सिगारेटबंदी: पुरावा कशाचा, हक्क कोणाचा?

कॉलेजमधली 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी तुम्ही रोज बघता. सज्ञान माणसाने सिगारेट ओढावी की नाही, हे कॉलेजने का ठरवायचं? उत्तर शोधायचं तर आधी इतिहास बघू.

1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पण हे नुकसान ओढणाऱ्याचं स्वतःचं होतं. त्यामुळे 'माझं शरीर, माझी मर्जी' हा युक्तिवाद शाबूत राहिला. 1981 मध्ये तो डळमळला. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांचा 14 वर्षांचा डेटा मांडला. नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त! यावर भरपूर वाद झाला, पण पुढच्या अभ्यासांत निष्कर्ष टिकला. आता प्रश्न शेजारी बसणाऱ्याच्या हक्काचाही झाला.

आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2001 मध्ये न्यायालयाने कलम 21 चा, म्हणजे न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा आधार घेतला आणि शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, रुग्णालयं अशा जागी धूम्रपानाला मनाई केली. 2003 मध्ये देशभरासाठी कायदाच आला.

पण तो कायदा नीट वाचा. 'सार्वजनिक जागा' या व्याख्येत शिक्षणसंस्था आहेत, मोकळी जागा मात्र वगळली आहे (नंतरच्या नियमांनी ही सूट बरीच आवळली). त्याच कायद्यात शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे, मग गिऱ्हाईक कितीही वयाचं असो. इथे शेजाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या धुराचा संबंध नाही. तरुणांना सवय लागू नये, हा विचार आहे.

म्हणजे एकाच पाटीमागे दोन वेगळे दावे आहेत. बंद लॅबमधल्या बंदीला हिरायामांसारखा डेटा आधार देतो. मोकळ्या मैदानावर तोच डेटा जसाच्या तसा लावता येत नाही. तिथली बंदी सवयीच्या मुद्द्यावर मागायची असेल, तर बंदीमुळे सवय खरंच कमी होते का, हे वेगळं दाखवावं लागतं. मैदानावरची बंदी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सज्ञान माणसाच्या मर्जीला आवर घालायचा, तर कारण नेमकं सांगायला हवं.

तुमच्या प्रपोजलमध्येही हेच तपासा. पुरावा ज्या दाव्याचा आहे, तुम्ही तोच दावा करताय ना?