मॉर्गनची यॉट लढाईवर जाते

जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकरची ‘कोर्सेअर’ ही ऐषारामी यॉट नौदलाने एप्रिल 1898 मध्ये विकत घेतली. कोर्सेअर म्हणजे समुद्री चाचा. नाव बदलून ‘ग्लॉस्टर’ केलं आणि डेकवर छोट्या तोफा बसवल्या. सर्वांत मोठीचा गोळा जेमतेम पावणेतीन किलोचा. चिलखत नव्हतंच.

कप्तान होता रिचर्ड वेनराइट. फेब्रुवारीत हवाना बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिच्यावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी वेनराइट वाचला. अमेरिकेत खापर स्पेनवर फुटलं आणि युद्धाची हाक उठली.

3 जुलैला क्यूबातल्या सांतियागो बंदरातून स्पॅनिश ताफा बाहेर पडला. सर्वांत मागे ‘फुरोर’ आणि ‘प्लुतोन’ या विनाशिका होत्या. त्यांचा एकच टॉर्पेडो यॉटला पुरेसा होता. तरी वेनराइट थेट त्यांच्या अंगावर गेला, कारण छोट्या तोफांना जवळ जाण्यावाचून उपाय नसतो. मोठ्या युद्धनौकांचेही गोळे पडत होते. थोड्याच वेळात ‘प्लुतोन’ खडकांवर आदळली, ‘फुरोर’ बुडाली.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. वेनराइटने होड्या सोडल्या. जळत्या जहाजांवर दारूगोळा फुटत असताना त्याच्या माणसांनी शत्रूचे खलाशी बाहेर काढले. स्पॅनिश ॲडमिरल सेर्व्हेरालाही किनाऱ्यावरून यॉटवर आणलं, सन्मानाने वागवलं.

1976 मध्ये ॲडमिरल रिकोव्हरच्या अभ्यासाने म्हटलं, ‘मेन’चा स्फोट बहुधा आतूनच, कोळशाच्या आगीने झाला. म्हणजे सूड उगवला असता, तर तो बहुधा निरपराधांवर. वेनराइटला हे कळणं शक्यच नव्हतं. होड्या सोडायला त्याला अहवालाची गरजही पडली नाही.