दिव्याचा उरलेला अर्धा भाग

पीएचडी कशात करतेस, असं कोणी विचारलं की मी नुसतं "दिव्यांवर" म्हणते. पूर्ण विषय सांगितला की समोरचा माणूस गप्प होतो: विसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्क-स्वीडनमध्ये बनलेले मातीचे टेबल लॅम्प. फोटोत तुम्ही ते पाहिलेही असतील. बुटका, जाड अंगाचा, चाकावरून नुकत्याच उतरलेल्या भांड्यासारखा बुंधा, तपकिरी नाहीतर निळसर झिलई आणि वर साधी फिकट शेड. आज लिलावात त्यांना चांगला भाव येतो. मला छळणारा प्रश्न मात्र साधा आहे: विकला जातो तो दिवा, की दिव्याचा अर्धा भाग?

जरा मागे जाऊ. पेडर विल्हेल्म येन्सेन-क्लिंट हा डॅनिश वास्तुविशारद, कोपनहेगनमधलं ग्रुंटविग चर्च त्याचंच. १९०१च्या सुमारास त्याने स्टोनवेअरचा एक रॉकेलचा दिवा तयार केला आणि त्यावर शोभेल अशी शेड हवी म्हणून स्वतःच कागदाला घड्या घातल्या. आपण शाळेत वहीच्या पानाचा पंखा करायचो ना, साधारण तीच कल्पना. पुढे कितीतरी वर्षं घरच्यांनी हौसेने अशा शेड केल्या. १९४३मध्ये मुलगा टागे याने त्याची कंपनी काढली आणि तिला आपल्या मुलीचं, 'ले क्लिंट' हिचं, नाव दिलं. कंपनी अजून चालू आहे. शेड जगभर गेली. जिच्यासाठी ती केली, त्या मातीच्या दिव्याची आठवण फक्त या गोष्टीपुरती उरली.

पुढच्या काळात नेमकं उलट झालं.

वीज आली तसा दिव्याच्या पोटातला रॉकेलचा साठा गेला, वात गेली, काच गेली. आत फक्त वायर. म्हणजे कुंभाराच्या दृष्टीने दिवा आणि फुलदाणी यांत फरक उरला तो एका भोकाचा! कोपनहेगनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम सात तासांचा. दिव्यांना गिऱ्हाईक असणारच. बोर्नहोल्म बेटावरचा सोहोल्म हा १८३५पासूनचा कारखाना, पाल्सहुससारखी छोटी कार्यशाळा, सगळे दिव्यांकडे वळले. स्टोनवेअर साधारण १२०० अंशांच्या वर भाजतात. ते घट्ट होतं, वजनदार होतं, सहज कलंडत नाही. झिलईचं काम तर थेट रसायनशास्त्राचं. साक्सबोची प्रमुख नाताली क्रेब्स ही शिक्षणाने केमिकल इंजिनिअर होती. आणि ज्याला आपण खास 'स्कँडिनेव्हियन' म्हणतो त्या सशाच्या लवेसारख्या रेघांच्या झिलईचं मूळ सोंग काळातल्या चिनी चहाच्या वाट्यांमध्ये आहे. (यावर वेगळा लेख लिहीन, नाहीतर इथेच अडकून पडू.)

तर ते भोक. ते ओल्या मातीत पाडलेलं असेल तर कडा भट्टीतून आलेली, मऊ असते. कधी झिलई आतपर्यंत ओघळलेली दिसते. नंतर ड्रिलने पाडलं असेल तर कडा खरखरीत आणि कपचे उडालेले. हे मी शिकले ते फजितीतून. एका 'दिव्या'वर दोन पानं लिहून झाल्यावर मी तो उलटा करून पाहिला. फुलदाणी होती. कोणीतरी नंतर तिचा दिवा केला होता. दोन्ही पानं गेली.

शेडचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तपासायला वस्तूच नाही. कागद पिवळा पडतो, कापड बल्बच्या उष्णतेने करपतं, लोक नवीन आणतात. पण शेड बदलली की बुंध्यावर पडणारा उजेडही बदलतो. रुंद शेडखाली पोटापर्यंत उजेड उतरतो आणि झिलईतल्या रेघा दिसतात. अरुंद शेडखाली मान उजळते, पोट अंधारात जातं. आपण मात्र हे दिवे बघतो ते न पेटवलेले, चारी बाजूंनी पांढरा उजेड टाकून. आणि मग झिलईबद्दल मोठमोठी विधानं करतो. मीही केली आहेत.

लिलावाच्या यादीत उंचीपुढे बहुतेकदा लिहिलेलं असतं, 'होल्डर वगळून'. माझ्या तक्त्यात मी 'मूळ शेड' असा एक रकाना केला आहे. त्यात सध्या बहुतेक ठिकाणी रेघ आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा जुना दिवा असेल, तर शेड फाटकी असली तरी टाकू नका. फोटो काढा, वरचा-खालचा व्यास मोजा आणि मला कळवा.